गावपळणीनं हाती दिलेलं काम

मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून सारी नोकरी झाली आणि 58व्या वर्षी निवृत्त होऊन आम्ही दोघं आचऱ्याला कायमचे राहायला आलो. मालवण तालुक्यातलं हे गाव म्हणजे माझं सासर. इतकी वर्षं गणपतीत आणि मे महिन्यात येणारे चाकरमानी आम्ही, आता बारमाही गावकरी झालो. यांचं बस्तान लगेच बसलं. पहाटे उठून माडांना पाणी सोडायचं, पडलेल्या झावळ्या ओढून ठेवायच्या, संध्याकाळी गजाली मारायला बाहेर पडायचं. माझा जीव मात्र काही केल्या रमेना.

वॉर्डात असताना ‘आज काय करायचं’ हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ड्यूटीवर पाय ठेवला की काम समोर उभं असायचं. इथे स्वयंपाक, भांडी, झाडलोट उरकली तरी घड्याळात सकाळचे दहाच वाजलेले असत. ‘आयुष्यभर दगदग केलीस, आता आराम कर,’ असं जो तो सांगे. आराम चार दिवस गोड लागतो. मग कशातच मन लागेना. टीव्ही झाला, हळदीकुंकू झाली, देवळातलं भजन झालं. जेवण जाईना, उगाच चिडचिड व्हायची. असं बरेच दिवस राहिलं तर अंगावर काढू नये, हे मीच आजवर इतरांना सांगत आले होते. म्हणून कणकवलीला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या सगळ्या ठीक निघाल्या. ‘मन गुंतेल असं काहीतरी शोधा,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. शोधायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं ते एकच. ड्यूटीची पाळी संपली की पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यायचा. कुठल्या खाटेवर कोण, दिवसभरात काय झालं, काय राहिलं, रात्री कुणाकडे लक्ष ठेवायचं. मी एक दोनशे पानी वही आणली आणि रोज झोपण्याआधी स्वतःचा ओव्हर लिहायला लागले. एक नियम मात्र कटाक्षानं पाळला. ‘कंटाळा आला’, ‘उदास वाटलं’ असलं काही लिहायचं नाही. कुठे गेले, कुणाशी बोलले, हातून काय झालं, काय राहून गेलं, एवढंच लिहायचं. रुग्णाच्या कागदावर आम्ही ‘रुग्ण दुःखी दिसतो’ एवढं लिहून थांबत नाही. जेवला का, झोपला का, बोलला का, ते लिहितो. स्वतःलाही त्याच नजरेनं बघायचं ठरवलं.

काही आठवड्यांनी मागची पानं वाचायला घेतली. ज्या दिवशी कुणाकडे तरी कामासाठी जाऊन आले होते, त्या रात्री ‘झोप नीट’ अशी नोंद होती. शेजारच्या सुनेचं बाळ दूध ओढत नव्हतं, तिला कसं धरायचं ते दाखवून आले, तो दिवस. कुणाच्या पायाची जखम धुऊन पट्टी बांधली, तो दिवस. हळदीकुंकवाच्या दिवसांपुढे अशी नोंद नव्हती. आणखी एक गोष्ट दिसली. मी जात होते ती फक्त बोलावणं आल्यावर, आपणहून कुणाच्या दारात एकदाही गेले नव्हते. वॉर्डात रुग्ण आमच्यापर्यंत येतो, आम्ही त्याला शोधायला जात नाही. ती सवय अंगात मुरली होती.

आत्मपरीक्षणाची शिबिरं घेणारे सांगतात की एकांतात बसा, उत्तर आतून येईल. मला ते अर्धंच पटतं. वहीनं मला माझी ओळख करून दिली, पण कुठल्या दारात जायचं हे तिला कुठून माहीत असणार? पुढे पुढे तर तीच तीच पानं गिरवल्यासारखी व्हायला लागली होती. त्या सुमारास गावपळण लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आचऱ्याची गावपळण साधारण दर चार वर्षांनी होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की दिवस ठरतो आणि मग तीन दिवस, तीन रात्री सगळ्या गावानं घरदार सोडून वेशीबाहेर जाऊन राहायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, सगळी. जात-धर्म कुठलाही असो. शेजारच्या चिंदर आणि वायंगणीतही ही प्रथा आहे, आणि वैभववाडी तालुक्यातलं शिराळे तर दरवर्षी पळतं. कुणी म्हणतं, तेवढे दिवस गाव देवाच्या ताब्यात द्यायचा. कुणी म्हणतं, पूर्वी साथीच्या रोगांपायी हे सुरू झालं असेल. मला या कारणांमागे जावंसं वाटत नाही. वडीलधाऱ्यांनी पाळलं, आम्ही पाळतो.

नोकरीत असताना रजा मिळाली नाही म्हणून मागच्या गावपळणी चुकल्या होत्या. या वेळी पहिल्यांदा सगळी तयारी माझ्या हातानं झाली. मेढी पुरून, वर विणलेल्या झावळ्या आणि ताडपत्री टाकून यांनी आणि पुतण्यांनी खोपी उभी केली. मी जमीन चोपून शेणानं सारवली, चुलीचे तीन धोंडे मांडले. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकं म्हणजे सुकी मासळी, कांदे, खोबरं, अंथरुणं, टॉर्च. आमच्या वाडीच्या खोपी एका रांगेत, दोहोंच्या मध्ये जेमतेम हातभर जागा. मुंबईहून मुलं-नातवंडं आलेली. पहिल्या संध्याकाळी एकीकडे भजन, दुसरीकडे बायकांच्या फुगड्या, आणि सगळ्या चुलींचा धूर एकत्र मिसळलेला.

त्याच रात्री पलीकडच्या खोपीतले तात्या माझ्याकडे आले.

‘वयनी, माज्यो गोळ्यो घराकच ऱवल्यो.’

‘खयची गोळी घेतास?’

‘धवी. सकाळची.’

एवढीच माहिती. रक्तदाबाची असणार हा माझा अंदाज होता, पण अंदाजावर गोळी देता येत नाही. कडेच्या खोपीतून लगेच कुणीतरी पुढे आलं, ‘माझ्याकडेही पांढरीच आहे, ही घ्या की.’ तिला थांबवलं. दोन पांढऱ्या गोळ्या दोन वेगळ्या आजारांच्या असू शकतात, आणि आजार एकच असला तरी एकाची मात्रा दुसऱ्याला चालेलच असं नाही. वेशीच्या आत पाऊल टाकायचं नाही हा आमच्या घरचा दंडक, आणि तात्यांची त्यावर श्रद्धा माझ्याहून जास्त. शेवटी त्यांच्या भाच्याला मुंबईला फोन लावला. त्याच्या मोबाइलमध्ये जुन्या चिठ्ठीचा फोटो निघाला. सकाळी एक मुलगा मोटारसायकलवरून मालवणला जाऊन ती चिठ्ठी दाखवून गोळ्या घेऊन आला. तोवर मी तात्यांचा दाब मोजला. यंत्र मी सवयीनं पिशवीत टाकलं होतं.

यंत्र बाहेर निघालेलं बघितलं आणि सकाळपासून रांग लागली. दाब मोजायचा म्हणजे माणसानं आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायला हवं, हात छातीच्या उंचीवर हवा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. गावपळणीत गप्प कोण बसणार? मी प्रत्येकाला खांबाला टेकवून बसवायची आणि बाकीच्यांना लांब पिटाळायची. 140/90च्या वर आकडा आला की कागदावर लिहून संध्याकाळी पुन्हा बोलवायची, कारण एका आकड्यावरून कुणाला आजारी ठरवू नये. खाण्याविषयी बोलणं निघे. दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे जेमतेम लहान चमचाभर, पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे खारा बांगडा, लोणचं आणि पेजेतलं मीठ एकत्र धरलं तर सकाळच्या न्याहारीलाच ते पार होतं. सुकं सोडा म्हटलं तर कोकणात कुणी ऐकणार नाही. पण खारा बांगडा पाण्यात भिजत घालून ते पाणी टाकून द्यायला आणि त्या दिवशी लोणचं न वाढायला बायका तयार झाल्या.

एका मावशीला इन्सुलिन सुरू होतं. घरी फ्रिज, इथे ना वीज ना फ्रिज. वापरातली बाटली उन्हापासून जपली तर काही आठवडे बाहेर चालते, पण नवी न उघडलेली 2 ते 8 अंश तापमानात लागते आणि तीही तिनं भीतीपोटी बरोबर आणली होती. मोठ्या मडक्यात ओली रेती घातली, रेतीत लहान मडकं बसवलं, त्यात प्लास्टिकच्या डब्यात बाटल्या, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. फ्रिजइतकं गार होत नाही, पण तीन दिवसांची निभावणी होते. फडकं सुकलं की पाणी शिंपडायचं काम मी तिच्या नातीला दिलं. तिनं ते इतक्या निष्ठेनं केलं की रात्रीसुद्धा उठून ती मडक्याला हात लावून बघत होती.

खरं सांगायचं ते दुसऱ्या रात्रीचं. आमच्या शेजारी आत्ये झोपली होती. सगळी वाडी तिला आत्येच म्हणते. मुलगा कुटुंबासकट नालासोपाऱ्याला, घरात ती एकटी. आमच्या घरांमध्ये पोफळीची बाग असल्यामुळे एरवी तिच्या घरातला दिवा तेवढा दिसतो. त्या रात्री मध्ये फक्त झावळ्यांचं कुडण होतं. मध्यरात्री तिचा श्वास ऐकून मला जाग आली. झोपली की धाप लागायची, उठून बसली की जरा शांत व्हायची, पुन्हा आडवी झाली की तेच. मी कुडणाच्या कडेनं आत गेले. टॉर्चच्या उजेडात तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. कातडीत खळगा पडला आणि तसाच राहिला.

‘कधीपासून गो आत्ये?’

‘पावसापासून. रातीचो दम लागता. पण सांगतलंय कोणाक? भिंतीक?’

उशा, बोचकी जे सापडलं ते पाठीशी लावून तिला बसतं केलं आणि सकाळपर्यंत शेजारी बसून राहिले. उजाडताच पुतण्यांनी गाडी काढून तिला डॉक्टरांकडे नेलं. पुढच्या तपासणीत तिचं हृदय अशक्त झाल्याचं निघालं. औषधं सुरू झाल्यावर पायांची सूज उतरली.

त्या पहाटे आत्येशेजारी बसल्या बसल्या मी आमच्या खोपींची रांग बघत होते. जवळजवळ प्रत्येक खोपीत म्हातारं माणूस होतं, आणि तरुण होते ते या दिवसांपुरते आलेले. गावपळण संपली की हे सगळे मुंबईला जाणार आणि म्हातारी माणसं आपापल्या आगरात, आपापल्या कुंपणाआड, एकेकटी राहणार. मी गावात राहत होते आणि मला हे दिसलं नव्हतं, कारण मध्ये भिंती होत्या, बागा होत्या, गडगे होते. इथे कोण रात्रभर खोकतं, कोण काठीशिवाय उठू शकत नाही, कुणाला ताटातला घास दिसत नाही, सगळं उघड्यावर आलं होतं. माझ्या वहीला जे दार ठाऊक नव्हतं, ते मला सापडलं. एक नव्हे, वाडीभर.

कौल घेऊन गाव परतला. अंगणात सडा पडला, चुली पेटल्या, दोन दिवसांत मुंबईच्या गाड्या भरून गेल्या. त्या रात्रीच्या ओव्हरमध्ये मी फक्त नावं लिहिली आणि प्रत्येक नावापुढे काय बघायचं ते.

मग घरोघर जायला लागले. पहिलं काम औषधांचं, तात्यांच्या पांढऱ्या गोळीमुळे सुचलेलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, देवघराच्या फळीवर, उशीखाली, कुठे कुठे गोळ्या निघाल्या! मुदत संपलेल्या, अर्ध्या तुटलेल्या, मेलेल्या नवऱ्याच्यासुद्धा. एका आजोबांकडे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या होत्या, दोन डॉक्टरांनी दिलेल्या. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली तर आतलं औषध एकच, आणि आजोबा दोन्ही घेत होते. उठलं की त्यांना गरगरायचं, ते त्यापायी. त्यांना दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं, एक बंद झाली. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात आणि औषधाचं नाव बारीक, यानं किती म्हातारी माणसं फसत असतील, या विचारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

आता प्रत्येक घरात जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे. वर माणसाचं नाव, मुलाचा फोन, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते. खाली औषधांची नावं मराठीत, मात्रा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळच्या गोळीपुढे सूर्य, रात्रीच्या गोळीपुढे चंद्र. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्यायची. दारामागच्या खिळ्याला अडकवलेली असते, म्हणजे शेजाऱ्यालाही सापडते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. काहींना वाटलं, मी इंजेक्शन देईन, सलाइन लावीन. मी स्पष्ट नाही म्हटलं. मी डॉक्टर नाही. माझ्याकडे मोजणं, विचारणं आणि वेळेवर पाठवणं एवढंच आहे. एका मुलानं मुंबईहून फोन करून विचारलं, ‘तुम्ही आमच्या आईच्या औषधांत का हात घालता?’ त्याचा प्रश्न रास्त होता. त्याला चिठ्ठीचा फोटो पाठवला, त्याच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन आला, आई जेवते का नीट, एवढं बघाल का म्हणून.

गावातल्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य खात्याच्या आशा स्वयंसेविकांना, मी सुरुवातीलाच जाऊन भेटले. त्यांच्या कामात लुडबुड होऊ नये आणि त्यांच्याकडून मला कळावं, दोन्ही हवं होतं. सगळ्यात मोठी मदत झाली ती मासे विकणाऱ्या वयनीची. ती रोज पाटी घेऊन दारोदार फिरते. ‘त्येंचा दार आज उघडूक नाय,’ एवढा निरोप तिच्याकडून आला की मी चपला घालते. पडलेलं माणूस वेळेवर सापडलं ते अशाच एका निरोपामुळे. तिनं हे काम म्हणून कधी केलंच नाही. ती ते आधीपासून करत होती, विचारणारं कुणी नव्हतं.

मंगळवारी दुपारी आमच्या खळ्यात बायका जमतात. दाब मोजणं अर्ध्या तासात आटोपतं, मग गप्पा. या गप्पा मला यंत्राहून मोलाच्या वाटतात. भजनाला जाणं बंद केलेल्या एका काकींना ऐकू येईनासं झालंय, हे इथेच कळलं. मुलाचा फोन न आल्यानं न जेवणारी आई इथेच सापडली. तिला दुसरी आपल्या घरी जेवायला घेऊन गेली, मला काही करावंच लागलं नाही.

मी अजूनही रोज ओव्हर लिहिते. रिकामे, जड दिवस येतात, नाही असं नाही. मध्यंतरी आत्ये गेली. शेवटच्या महिन्यांत मी गेले की ती ओट्यावर बसलेली असायची, ‘तू येतलंस म्हणान च्याय ठेवलंय,’ म्हणायची, आणि चहात साखर घातलीय हे लपवायची. ती गेल्यावर आठवडाभर मी कुणाच्या दारात गेले नाही. मग मासेवाल्या वयनीनं दारात पाटी उतरवली आणि ‘त्या आजोबांच्या गोळ्या संपल्यात’ असं सांगून ती पुढे गेली. मी चपला घातल्या.

आता दहावी झालेल्या दोन मुली दाब मोजायला शिकल्यात. त्यातल्या एकीला नर्सिंगला जायचंय. तिच्या प्रवेशाची माहिती मी काढतेय. पुढच्या गावपळणीच्या आधी प्रत्येक खोपीच्या सामानात औषधाची पिशवी आणि चिठ्ठी पहिल्यांदा बांधायची, असं आमच्या वाडीनं ठरवलंय. पलीकडच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनी बोलावलं आहे. त्यांच्याकडे यंत्र नाही, ते शिमग्याच्या आधी घ्यायचं आहे. वर्गणी निम्मी जमली आहे.